गळाच्या आधींचा घांस

हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत एका गांवासाठीं एक संबंध सूत्र खर्चीं घातलें आहे. 'अचलपुर' या नांवांतील च आणि ल या दोन वर्णांची अदलाबदल होते व 'अलचपुर' असें रूप सिद्ध होतें, एवढाच त्या सूत्राचा विषय. महानुभावांच्या लीळांतील अलजपूर आणि मुसलमानी अमदानींतील एलिचपूर या दोन्ही रूपांची वाट त्या सूत्रावरूनच पुढें जाते. बाराव्या शतकांतील गुजराथचा एक जैन आचार्य वऱ्हाडांतील लोकांची जीभ कशी वळते हें टिपून ठेवतो, ही आम्हां वऱ्हाडकरांस अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु त्याच काळीं त्याच गांवच्या सापन आणि बिच्छन या नद्यांच्या डोहांवर बसणारा भोई पाण्यांत प्रथम काय टाकीत असे आणि गळ मागाहून केव्हां टाकीत असे, हें मात्र कोणीं टिपलेलें नाहीं. जैन आचार्यानें मासेमारीची माहिती लिहून ठेवावी ही अपेक्षाच विपरीत होय. पण मग ती लिहावी कोणीं, हा प्रश्न शिल्लक राहतो.

विषय क्षुल्लक वाटेल. शिवाय हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत मासा ताटांत येत नाहीं, हेंही प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. तथापि इतिहासाचा विषय ताटावरून ठरवावयाचा नसतो. गळानें मासा धरणारा मनुष्य पाण्यांत दोन गोष्टी टाकतो. एक गळाला टोचलेलें आमिष. आणि दुसरी, त्याच्या कितीतरी आधीं, कधीं आदल्या संध्याकाळीं तर कधीं आठ आठ दिवस रोज, त्याच जागीं फेकलेला सुटा घांस. या दुसऱ्या वस्तूला आपण 'चारा' म्हणूं. बंगालींत तिला 'चार' असें रूढ नांव आहे आणि तेथील भद्र गृहस्थ चारांतील मसाल्यांवरून तासन् तास वाद घालतात. आपल्याकडे 'आमिष' हा शब्द व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून उदंड भेटतो, पण आमिषाच्या आधींच्या या घांसाची आठवण कोणी काढीत नाहीं. वास्तविक खरी विद्या त्यांतच आहे. चारा हें खरोखरचें अन्न असतें. त्यांत गळ नसतो, कांटा नसतो. मासा तें खातो आणि सुखरूप परत जातो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो. पुढें जी फसवणूक व्हावयाची ती या पहिल्या खरेपणाच्या बळावर होते.

हें ज्ञान लिहिलें गेलें नाहीं याचें कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. विदर्भांतील अति प्राचीन शिलालेखांपैकीं एक चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथें सांपडला. महामहोपाध्याय मिराशी यांनीं त्याचा अर्थ लावला आहे. प्राण्यांस पकडूं नये व मारूं नये अशी कोणा स्वामीची आज्ञा त्या दगडावर कोरलेली आहे. म्हणजे या प्रांतांत अक्षर प्रथम उमटलें तेंच मनाईचें! अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांतही अवध्य प्राण्यांच्या यादींत कांहीं जलचर येतात, आणि ठराविक पर्वदिवशीं मासे मारूं नयेत व विकूंही नयेत असा हुकूम येतो. अचलपुराच्या ईशान्येस मुक्तागिरीचें जैन सिद्धक्षेत्र आहे. पूर्वेस ऋद्धिपूर, महानुभावांची काशी. पारध्यांपुढें पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयास आल्याची लीळा तो संप्रदाय आजही प्रेमानें सांगतो. अशा मुलुखांत लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांनीं गळाकडे पाहिलें नाहीं, आणि गळ ज्यांच्या हातीं होता त्यांच्यापर्यंत लेखणी पोहोंचली नाहीं. ब्राह्मणी स्मृतिग्रंथांची वृत्ति थोडी निराळी. मनुस्मृतीनें मत्स्यभक्षणाची सामान्यतः निंदा करून पाठीन आणि रोहित या दोन माशांना देवपितृकार्यांत सवलत दिली आहे. कौटिल्याला तर पापपुण्याशीं कर्तव्यच नाहीं. धरणातळ्यांतील माशांवर राजाचें स्वामित्व आणि कोळ्यांकडून सहावा हिस्सा, एवढें सांगून तो पुढें जातो. मासा शास्त्रांत आला तो असा, कधीं निषेध म्हणून, कधीं नैवेद्य म्हणून, तर कधीं कर म्हणून. तो पाण्यांत असतांना कसा वागतो, काय खातो, कोणत्या वेळीं कोठें येतो, हें विचारणारा ग्रंथकार अजून यावयाचा होता.

तो आला आणि तोही सिंहासनावर बसलेला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, हा इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला आणि ११३८ पर्यंत राज्य करून गेला. त्याचा बाप विक्रमादित्य हा मोठा पराक्रमी. नागपूरच्या सीताबर्डीचा शके १००८ चा, म्हणजे इ. स. १०८७ चा लेख त्याच्याच कारकीर्दींतला आहे, तेव्हां या घराण्याचा अंमल विदर्भांतही मानला जात होता. मुलाला तरवारीपेक्षां लेखणीचा नाद अधिक. त्यानें ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, मिळून शंभर अध्याय. राज्य मिळवावें कसें येथपासून तों मांडे, वडे करावे कसे येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. मराठी भाषेचे अभ्यासक या ग्रंथाला मान देतात तो त्यांतील गीतप्रकरणांत आलेल्या जुन्या मराठी ओळींमुळें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून पाककला, संगीत, चित्रकला, हत्ती, घोडे असे एकेक विषय घेऊन विद्वानांनीं त्यावर लिहिलें. 'मत्स्यविनोद' नांवाच्या अध्यायाकडे मात्र लक्ष गेलें तें संस्कृतज्ञांच्या आधीं एका प्राणिशास्त्रज्ञाचें. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुढें २००५ मध्यें नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनीं याच विषयाचा पुन्हां परामर्श घेतला.

या अध्यायांत राजा पस्तीसच्या आसपास जातींचे मासे नांवानिशीं सांगतो. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते. मोठे कोणते, लहान कोणते, अशी तो त्यांची वर्गवारी करतो. कोणत्या जातीला कोणतें खाद्य घालावें हें तो जातवार सांगतो, आणि मग काठी, दोरी, गळ यांकडे वळतो. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. प्रथम मासा, मग त्याचें खाणें, आणि हत्यार सर्वांत शेवटीं. आज बाजारांत गळाचें सामान विकत घेणारा हौशी मनुष्य नेमका उलट क्रमानें चालतो. काठी आणि चक्र यांवर त्याचा पैसा सरतो आणि मासा काय खातो याची चौकशी तो घरीं येऊन करतो.

आतां विचारण्यासारखा प्रश्न असा कीं, राजाला हें सर्व कळलें कोठून? मृगयेचें ज्ञान राजकुळांत परंपरेनें येतें. गजशास्त्राला आणि अश्वशास्त्राला आधींचे ग्रंथ होते. माशांच्या खाण्याविषयीं असा कोणताही पूर्वग्रंथ आपणांस उपलब्ध नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें उत्तर एकच संभवतें. राजाच्या करमणुकीसाठीं जे कोळी-भोई पाण्याकांठीं उभे असत त्यांनीं तें सांगितलें, आणि राजानें किंवा त्याच्या पंडितांनीं तें अनुष्टुभांत बसविलें. या मताला थोडा आधार शब्दांचाही आहे. 'पाठीन' हा मनुस्मृतींतला आणि अमरकोशांतला शब्द. मोठ्या तोंडाचा, लांब मिशांचा, खवले नसलेला हा मासा. महाराष्ट्रांत त्याला कोठें शिवडा म्हणतात आणि कोठें पडीन म्हणतात. 'पडीन' हें 'पाठीना'चें सरळ वंशज आहे. ज्या माणसानें हा शब्द दोन हजार वर्षें तोंडांतून तोंडांत चालत ठेविला त्यानें शाळा पाहिली नव्हती. त्यानें मासा पाहिला होता. तेव्हां मत्स्यविनोदाला आपण सोमेश्वराचा म्हणतों तें दरबारी रीतीस धरून ठीकच आहे, परंतु आंतला मजकूर भोयाचा आहे. राजाचें खरें श्रेय असें कीं, तो ऐकावयास बसला. आपल्या इतिहासांत ऐकावयास बसणारे राजे फारसे सांपडत नाहींत.

खाद्य जातवार कां सांगावें लागतें हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. रोहू हा शाकाहारी म्हणावा असाच प्राणी आहे. त्याच्या ओंठांना झालर असते, तिच्या साह्यानें तो शेवाळ, कुजका पाला, धान्याचा चुरा टिपतो आणि पाण्याच्या मधल्या थरांत वावरतो. कटला वरच्या थरांत राहतो, त्याचें तोंड वर वळलेलें असतें. मृगळ तळाशीं चरतो. पाठीन मांसाहारी, आणि मरळ तर चालती-फिरती शिकारच घेणार. त्याच्यापुढें पिठाचा डोंगर रचला तरी तो ढुंकून पाहणार नाहीं. म्हणून एकच चारा सर्वांना चालत नाहीं, आणि एका जातीलाही तो कसाही फेकून चालत नाहीं. रोहूसाठीं गोळा खालीं जातां जातां सुटत गेला पाहिजे, मृगळासाठीं तो तळाला जाऊन फुटला पाहिजे, आणि कटल्यासाठीं पीठ वरच्यावर धुक्यासारखें पसरलें पाहिजे.

चारा कालविणें ही यासाठींच एक स्वतंत्र कला आहे. त्याचें मुख्य द्रव्य म्हणजे कोंडा आणि पेंड, जिला आम्ही वऱ्हाडांत ढेप म्हणतों. पेंड आदल्या रात्रीं भिजत घालावी, म्हणजे ती थोडी आंबते आणि तिचा वास पाण्यांत दूरवर जातो. माशाचें नाक आपण समजतों त्यापेक्षां पुष्कळ तीक्ष्ण आहे; शिवाय रोहूच्या कुळांतील माशांस मिशांवर व ओंठांवर चवीच्या गांठी असतात, पाठिनासारख्यांस तर त्या अंगभर पसरलेल्या असतात, म्हणजे तो सबंध एक जीभच होय. सुगंधासाठीं भाजलेली मेथी, बडीशेप असे पदार्थ कुटून घालतात. बांधणीसाठीं कणीक किंवा सातूचें पीठ लागतें. वाहत्या पाण्यांत गोळा वाहून जाऊं नये म्हणून त्यांत माती मिसळावी लागते, आणि येथें आमची काळी माती फार उपयोगी पडते, कारण ती कोरडी असतांना दगडासारखी राहते आणि भिजली कीं फुगून सुटते. पाणी किती घालावें याला माप नाहीं. एक वृद्ध भोई तसराळ्यांत पाणी घेऊन त्यांत गोळी सोडीत असे आणि ती तळाला टेकेपर्यंत फुटूं नये, टेकल्यावर मात्र धरून बसूं नये, एवढी एकच परीक्षा सांगत असे. आणखी एक नियम तो वारंवार बजावी. चारा पोट भरण्यापुरता कधीं घालूं नये. भरल्या पोटीं मासा निघून जातो. त्याला भुकेची आठवण व्हावी आणि ती या जागेशीं बांधली जावी, इतकेंच घालावें. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांस यांत पाव्हलोव्हच्या कुत्र्याची आठवण होईल. भोयाला ती होण्याचें कारण नव्हतें.

या गोळ्यांतील द्रव्यांचाही एक इतिहास आहे आणि तो मनोरंजक आहे. आज अचलपूरच्या किंवा परतवाड्याच्या बाजारांत माशांच्या चाऱ्यासाठीं कोणी कांहीं मागितलें तर त्याच्या हातीं पडतील त्या वस्तू म्हणजे शेंगदाण्याची ढेप आणि मक्याचें पीठ. सोमेश्वराच्या भोयाला या दोहोंपैकीं एकही ठाऊक असणें शक्य नाहीं. भुईमूग आणि मका हीं दोन्ही पिकें अमेरिका खंडांतलीं आणि तीं आपल्याकडे आलीं तीं कोलंबसाच्या नंतर. त्याच्याजवळ तीळ होते, जवस होता, करडई होती, ज्वारी आणि हरभरा होता. घाण्यावरची तिळाची पेंड हाच बहुधा त्याचा पाया. वऱ्हाडांत १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि गांवोगांव सरकीच्या राशी पडूं लागल्या. पुढें सरकीची ढेप गुरांचें नित्याचें खाद्य झाली. ती माशांपर्यंतही पोहोंचली. मात्र तिच्यांत गॉसिपॉल नांवाचें एक विषारी द्रव्य असतें, गुरांचें पोट तें पचवितें, माशांना तें फार मानवत नाहीं. दूर देशच्या लढाईनें आमच्या डोहांतल्या माशांच्या घांसांत असा फरक पडला.

पेंडीचें दुसरेंही एक रूप आहे. मेळघाटांत मोहाचें झाड घरोघरचें. फुलें माणसांनीं वेंचावयाचीं आणि बियांचें तेल काढावयाचें. या बियांची पेंड दिसावयास इतर पेंडींसारखीच, परंतु तिच्यांत सॅपोनिन असतें आणि तें पाण्यांत मिसळलें कीं माशांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व ते गुदमरून वर येतात. हिंगणाच्या फळाचेंही तसेंच. मत्स्यशेतींत तळें नव्या बीजासाठीं साफ करावयाचें असेल तर आजही एक मीटर खोलीच्या हेक्टरभर पाण्याला अडीच हजार किलोच्या सुमारें मोहाची पेंड टाकण्याची शिफारस केली जाते. विष ओसरल्यावर तीच पेंड खत होते. डोंगरांतील लोक ओढ्याचें पाणी अडवून विषारी फळें कुटून टाकीत व मासे गुंग करीत, ही रीत हिंदुस्थानच्या सर्व डोंगराळ मुलुखांत होती. १८९७ च्या कायद्यानें पाण्यांत विष अगर सुरुंग घालून मासे मारण्यास बंदी झाली. चारा आणि विष यांच्या कृतींत बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसणार नाहीं. दोन्ही प्रसंगीं एक मनुष्य कांठावर उभा राहून पेंडीचा गोळा फेकीत असतो. विष घालणारा मात्र डोहांतील सर्वच्या सर्व जीव एकदम घेतो, पिल्लांसकट. चारा घालणाऱ्याला थांबावें लागतें. त्याला एका माशाची जात, वेळ आणि संवय कळावी लागते, आणि उद्यां मासे उरले पाहिजेत हें त्याच्या स्वार्थाचेंच कलम असतें.

आमच्या कॉलेजांतील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांस आयझाक वॉल्टनचें नांव निदान ऐकून ठाऊक असतें, सोमेश्वराचें नसतें. वॉल्टनचें पुस्तक १६५३ सालीं निघालें आणि पुढील आवृत्त्यांत वाढत गेलें. त्यांत ब्रीम नांवाच्या माशासाठीं चारा करण्याची कृति आहे: भरड दळलेलें जवाचें माल्ट कढईंत एकदोन कढ आणून पिशवींतून गाळावें, आणि रात्रीं आठनऊच्या सुमारास नदीवर जाऊन हातानें घट्ट दाबलेले त्याचे गोळे आधीं हेरलेल्या जागीं टाकावे. तळाला जाऊन ते एका ठिकाणीं राहिले पाहिजेत, याबद्दल त्याचा कटाक्ष आमच्या भोयाइतकाच कडक आहे. इंग्रजी भाषेंतील गळविद्येचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा. मत्स्यविनोद त्याच्याहून साडेतीनशें वर्षांनीं जुना. अर्थात् ग्रीकांत दुसऱ्या शतकांतल्या ऑपिअनचें मत्स्यकाव्य याहूनही प्राचीन आहे, तेव्हां 'जगांत पहिले आम्हीच' अशी दवंडी पिटण्याचें कारण नाहीं. परंतु वॉल्टनच्या मागून इंग्लंडांत प्रत्येक पिढीनें आपला अनुभव त्यांत घातला, चुका काढल्या, नवीं पुस्तकें लिहिलीं. सोमेश्वराच्या मागून आपल्याकडे शतकानुशतकें कोणीं एक पान वाढविल्याचें दिसत नाहीं. इंग्लंडांत कापडाचा व्यापारी असलेला वॉल्टन स्वतः पाण्याकांठीं बसून स्वतःच लिहीत होता. आपल्याकडे बसणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि त्या दोघांची गांठ एकदांच पडली.

राजेलोकांना पाण्याचा नाद पुढेंही होता. बहामनी सुलतान अहमदशहा १४२५ च्या सुमारास एलिचपुरास राहिला, गाविलगड त्यानें बांधविला; गांवाबाहेर तळ्याच्या मधोमध उभा असलेला हौज कटोरा हा अष्टकोनी मनोराही बहामनी काळचा मानतात. त्याच्या सज्जांत बसून कोणीं गळ टाकला असेल कीं नाहीं, याबद्दल कल्पना करण्यास वाव आहे, लिहिण्यास नाहीं. लिहून ठेविलें तें जहांगीर बादशहानें. १६०७ मध्यें हसन अब्दालच्या झऱ्यावर आपण स्वतः जाळें फेकून बारा मासे धरले, त्यांच्या नाकांत मोत्यें घातलीं आणि त्यांस पुन्हां पाण्यांत सोडून दिलें, असें तो आपल्या आठवणींत सांगतो. त्या जाळ्याचें हिंदी नांव तो 'भंवरजाल' असें देतो. आमच्याकडचा भोई ज्याला भोवरजाळें म्हणतो, तोच हा शब्द. बादशहाच्या रोजनिशींत हा शब्द शिरला तोही फेकतांना हात दुखल्याशिवाय शिरला नसावा, कारण तें जाळें फेकणें अवघड आहे अशी नोंद त्यानें सोबत केली आहे.

मोत्यें घालून सोडून देणें ही बादशाही तऱ्हा झाली. सामान्य माणसाची याहून जुनी तऱ्हा म्हणजे देवाच्या डोहांतील माशांना खाऊ घालणें. रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून त्या माशांना टाकण्याचा नेम पुष्कळ घरांतून वडील माणसें पाळीत असत. रायगड जिल्ह्यांत काळ नदीवरील वाळणकोंड, पालघर जिल्ह्यांत वैतरणेवरील तिळसे, येथील डोहांत देवाचे म्हणून राखलेले मोठमोठे महासीर आहेत, ज्यांना देशावर खडशी म्हणतात. त्यांना कोणी मारीत नाहीं. भाविक खाऊ टाकतात आणि मासे हाताशीं येतात. अन्यत्र महासीर दुर्मिळ झाला असतां अशा डोहांत तो टिकला, हें प्राणिशास्त्रज्ञही मान्य करतात. आतां कणकेचा हा गोळा आणि गळकऱ्याचा गोळा यांत द्रव्याचा भेद कांहींच नाहीं. मासा दोन्ही ठिकाणीं तेंच शिकतो. कांठावर सावली पडली कीं अन्न येतें, माणूस आला कीं भिण्याचें कारण नाहीं. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळविद्येवर पुस्तक लिहिलें, १८८७ सालीं तळ्यांतील मासेमारीवर दुसरें लिहिलें. त्याच्या व त्याच्या मागून आलेल्या इंग्रज शिकाऱ्यांच्या लिखाणांत फुटाण्यांवर आणि कणकेच्या गोळीवर महासीर कसा येतो याची वर्णनें आहेत. फुटाण्याची गोडी त्या माशाला साहेबानें लावली नव्हती. ती घाटावरच्या यात्रेकरूंनीं लावली होती. भक्तानें चारा घालावा आणि शिकाऱ्यानें गळ टाकावा, अशी ही न ठरवितां झालेली भागीदारी होती, आणि दोघांपैकीं एकालाही ती ठाऊक असेल असें वाटत नाहीं. अहिंसेचा विचार करणाऱ्यांनीं या ठिकाणीं थोडें थांबण्यासारखें आहे. देवाच्या डोहांत मासा वांचतो याचें श्रेय खाऊला नाहीं. गळ तेथें येऊं न देणारा जो गांवाचा धाक, त्याला आहे. धाक गेला तर तोच खाऊ त्या माशाचा घात करील.

इंग्रजांनीं माशांच्या नांवांचें एक मोठें काम मात्र करून ठेविलें. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम सायक्स यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलें आणि नव्या जातींना लॅटिन नांवें देतांना तीं कोळ्याभोयांच्या मराठींतूनच उचललीं. खुद्री, कोलुस, नुक्ता, फुलुंगी, बोग्गुत असे शब्द आज जगांतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिनचा वेष घालून बसले आहेत. सोमेश्वराच्या मागून सात शतकांनीं पुन्हां एकदां कोणीतरी त्या माणसाला विचारलें होतें. दुर्दैव एवढेंच कीं सायक्सनें माशाचें नांव विचारलें, त्याचें खाणें कसें घालतोस हें त्या आस्थेनें विचारलें नाहीं.

आज चित्र पालटलें आहे. मेळघाटच्या ज्या सिपना, गाडगा, खापरा या नद्यांत खडशी असे, त्यांचा मोठा भाग १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पांत आहे आणि तेथें गळाला मज्जाव आहे, तो असावाही. अचलपूरच्या आसमंतांत सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांवर धरणें झालीं. धरणांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. मासा कोणाचा, या कौटिल्याच्या प्रश्नाचें आजचें उत्तर तें. पाण्यांत सोडला जाणारा कटला, रोहू, मृगळ हा बव्हंशीं बीजकेंद्रांतून आलेला. १९५७ च्या जुलैंत ओरिसांत हिरालाल चौधरी यांनीं पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींची अंडीं बंद पाण्यांत मिळविलीं, आणि तेव्हांपासून हें बीज देशभर जाऊं लागलें. आमच्या धरणांतील रोहू हा गंगेकडचा पाहुणा आहे, सोमेश्वराचा 'रोहित' नेमका हाच होता असें धरून चालतां येणार नाहीं.

भोयांची मुलें शिकलीं, आणि तसराळ्यांतील गोळीची परीक्षा त्यांच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक आहे. ती विद्या मात्र दुसऱ्याच दारानें छापखान्यांत शिरली. मत्स्यशेतीच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेंत रोहू-कटल्याच्या पूरक खाद्याची पारंपरिक कृति दिलेली असते: शेंगदाण्याची ढेप एक भाग आणि तांदळाचा कोंडा एक भाग, एकत्र कालवून, रोज ठराविक वेळीं, ठराविक जागीं. कांहीं ठिकाणीं तें मिश्रण भोंकें पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगतात, म्हणजे मासे पोत्याला तोंड लावून तें हळूहळू ओढून घेतात आणि एक कणही वायां जात नाहीं. कृतीखालीं भोयाचें नांव नसतें. मासे आठवड्याभरांत वेळ शिकतात, असें शेततळें राखणारे सांगतात. पोतें टांगावयास माणूस बांधावर आला कीं त्याच्या पावलांच्या आवाजानें पाणी हलूं लागतें. जाळें आठदहा महिन्यांनीं येतें, आणि तेंही त्याच वेळीं, त्याच जागीं.